वऱ्हाडांतील सिंधी निर्वासित आणि व्हिसाचा कायदा

परक्या देशांत शिरण्यास जो परवाना लागतो त्यास व्हिसा म्हणतात. प्रवाशास तो साधा कागद वाटतो. परंतु घरदार सोडून आलेल्या मनुष्याचें सारें आयुष्य त्यावरील तारखेवर अवलंबून असतें. अमरावती व अकोला येथील सिंधी समाजाचा इतिहास हेंच सांगतो.

१९४७ सालीं सिंधमधून निघालेल्या कुटुंबांस व्हिसा लागला नाहीं. तसा नियमच नव्हता. त्यांपैकीं कांहीं वऱ्हाडांत स्थिरावलीं. अमरावतीचा रामपुरी कॅम्प व अकोल्याचा सिंधी कॅम्प हीं नांवें त्या काळाचीं. १९४८ च्या जुलैंत पश्चिम पाकिस्तानांतून येणारांस परवाना सक्तीचा झाला आणि १९५२ च्या ऑक्टोबरांत पासपोर्ट व व्हिसा सुरू झाले. राज्यघटनेनें १९ जुलै १९४८ ही सीमारेषा मानली. तीपूर्वीं येऊन येथेंच राहिलेला नागरिक गणला गेला. नंतर आलेल्यास नोंदणी करावी लागली.

लोकांचें येणें त्यानंतरही थांबलें नाहीं. भारतानें १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाहीं, व आश्रयासंबंधीं स्वतंत्र कायदाही केलेला नाहीं. त्यामुळें पाकिस्तानांतील हिंदु बहुधा यात्रेच्या वा भेटीच्या व्हिसावर येतो आणि मग दीर्घ मुदतीचा व्हिसा मागतो. तो मिळाल्यास रोजगार करतां येतो, बँकेंत खातें उघडतां येतें. मतदान मात्र करतां येत नाहीं, आणि मुदत संपण्यापूर्वीं पुन्हां अर्ज करावा लागतो.

२०१६ सालीं अशा लोकांस नागरिकत्व देण्याचा अधिकार निवडक जिल्हाधिकाऱ्यांस मिळाला. महाराष्ट्रांतील ते जिल्हे नागपूर, मुंबई, पुणें व ठाणें हे होत. अमरावती व अकोला त्यांत नव्हते. २०१९ च्या कायद्यानें पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथील सहा धर्मांच्या लोकांसाठीं वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली. मुसलमानांस त्यांतून वगळल्यानें मोठा वाद झाला. नियम २०२४ च्या मार्चांत निघाले. परंतु ही सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसच आहे. दुसऱ्या दिवशीं आलेला तीस मुकला.

२०२५ च्या एप्रिलांत पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र कायम राहिले. संकट एकच असलें तरी कोण राहणार व कोण परतणार, हें हातांतील कागदानें ठरलें. जेथें आश्रयाचा कायदा नसतो तेथें व्हिसाच त्याचें काम करतो. मात्र तो हक्क नव्हे, मुदतीची परवानगी होय.