आवरणाचे मोल

आर्वीच्या बाजारात कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला ओलाव्याचा प्रताप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कापसातील ओलावा ८ टक्क्यांपुढे गेला, की कापूस महामंडळाच्या केंद्रावर हमीभावात कपात होते. १२ टक्क्यांपुढे गेला, की मालच नाकारला जातो. उत्तम माल पिकवणे पुरेसे नसते, तो राखावाही लागतो. अर्धसंवाहकांच्या अतिप्रगत क्षेत्रात आज शास्त्रज्ञांपुढे उभा असलेला प्रश्न याच जातीचा आहे.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड या पदार्थाचा एक थर अवघ्या तीन अणूंच्या जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे पंधरा लाखाव्या भागाएवढा असतो. अशा एका थरापासून कार्यक्षम ट्रान्झिस्टर करता येतो, हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिले. सिलिकॉन इतके पातळ केले, तर त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडखळतात. हे थर मात्र मुळातच सपाट असतात. परंतु त्यांचे सामर्थ्य हेच त्यांचे वैगुण्यही ठरते. त्यांना आतला गाभा असा जवळजवळ नसतोच; सारा पृष्ठभागच. त्यामुळे हवेतील बाष्प, प्राणवायू आणि खालच्या आधारातील विद्युत्‌भार इलेक्ट्रॉनांच्या वाटेत थेट आडवे येतात. काळा फॉस्फरस नावाचा याच कुळातील पदार्थ तर उघड्या हवेत काही तासांतच बिघडू लागतो.

यावरचा उपाय म्हणजे आवरण. षट्कोनी रचनेच्या बोरॉन नायट्राइडचे सपाट, विद्युत्‌रोधक पापुद्रे वर आणि खाली ठेवून मधला थर निष्क्रिय वायूने भरलेल्या पेटीत बंदिस्त केला जातो. असे पापुद्रे ज्यातून सुटतात, ते शुद्ध स्फटिक जपानमधील त्सुकुबा येथे वातानाबे आणि तानिगुची हे दोघे शास्त्रज्ञ प्रचंड दाबाखाली घडवीत आले आहेत, आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्यांच्या दाराशी उभ्या राहिल्या आहेत.

येथे इतिहासाचे स्मरण उचित ठरेल. १९४७ मधील पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. इलेक्ट्रॉन जर्मेनियममधून सिलिकॉनपेक्षा अधिक वेगाने धावतात. तरीही बाजी मारली ती सिलिकॉनने. त्याच्या अंगावर चढणारा ऑक्साइडचा थर टिकाऊ व संरक्षक असतो. जर्मेनियमचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत महंमद अटाला यांनी या थराचे महत्त्व सिद्ध केले. एका अर्थी, आजचे संगणकयुग उभे आहे ते या आवरणावर.

आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धसंवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. कारखाने हवेतच, याविषयी दुमत नसावे. परंतु शुद्ध स्फटिक वाढवणे, थर रचणे, ते जपणे हे चिकाटीचे, प्रसिद्धीपासून दूर असलेले काम उपेक्षित राहिले, तर उद्याही आपण दुसऱ्याच्याच दाराशी उभे राहू. या विद्येची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्यासारखे शास्त्रज्ञ अशाच थरांचा अभ्यास करीत आहेत. आणि पवईच्या आयआयटीतील नॅनोइलेक्ट्रॉनिकीची साधने बाहेरच्या संशोधकांना वापरता यावीत, अशी योजना २००८ पासून अस्तित्वात आली. तिची वार्ता आर्वीसारख्या तालुक्याच्या गावातील विज्ञान शिक्षकापर्यंत आणि विद्यार्थ्यापर्यंत पोचवणे हे विद्यापीठांचे कर्तव्य आहे. कारखाना पैशाने उभारता येतो. स्फटिक वाढवणारे हात मात्र वर्षानुवर्षे घडवावे लागतात.