तीन महिने आणि एक तारीख

गौरी-गणपतीला महाड-पोलादपूरकडे घरोघर मुंबईचे पाहुणे उतरतात. अशाच एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून आलेल्या पोराच्या अंगात बारीक ताप, अंगावर लालसर पुरळ. "गोवरासारखं दिसतंय, तीन दिवसांत उतरेल," आजी म्हणते, आणि ते खरेही ठरते. पण आत मोदक वळीत बसलेल्या धाकट्या सुनेला दुसरा महिना लागला आहे, आणि ते अजून कुणाला सांगितलेले नाही. तीन महिने पुरे होईतो वाच्यता करू नये, ही आपली जुनी रीत!

हे पुरळ जर्मन गोवराचे, म्हणजे रुबेलाचे असेल, तर खरा धोका नेमका त्याच तीन महिन्यांत असतो. १९४१ साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या ७८ बालकांची नोंद केली. त्यांतल्या ६८ जणांच्या आयांना गरोदरपणी हा आजार होऊन गेला होता. मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयाचा दोष हे त्याचे तीन ठळक घाव.

मग बाळाचे भाकीत आधी करता येते काय? काही अंशी येते. पहिल्या बारा आठवड्यांत आईला लागण झाली, तर दहांतल्या आठ-नऊ गर्भांना इजा संभवते. विसाव्या आठवड्यानंतर ती क्वचितच होते. दुसरा साक्षीदार म्हणजे आईचे रक्त. संपर्क होताच घेतलेल्या रक्तात जुनी प्रतिद्रव्ये सापडली, तर बहुधा काळजीचे कारण नसते. ती नसतील, तर दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे लागते. नवी प्रतिद्रव्ये विषाणूला सैल धरतात, जुनी घट्ट. त्या पकडीवरून लागण केव्हाची, हे ताडता येते. मात्र एकाच चाचणीवर भिस्त ठेवून निर्णय घेऊ नये.

खरा उपाय लसीचाच. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली. आता बाळांना सरकारी दवाखान्यात तिचे दोन डोस मोफत मिळतात. गरोदरपणी ही लस देत नाहीत. लेकीला ती मिळाली नसेल, तर लग्नाआधीच द्यावी.

आणि सासूबाई, रीत खुशाल पाळा. जगाला सांगू नका, पण डॉक्टरांना सांगा. पुरळ दिसले तो दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तारखेचाच विचारतील!