कानातला बोळा आणि पाकिटावरचा आकडा

नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते .२२ रायफलीने. ही रायफल तशी मवाळ, तरी तिचा बार १४० डेसिबलच्या आसपास जातो. मोठ्या काडतुसाच्या रायफली १६० ओलांडतात. फरक वीसचाच दिसतो, पण ध्वनीची तीव्रता त्यात शंभरपट वाढते. कानाचा बचाव करणारा स्नायू मधल्या कानात असतो खरा. मात्र तो आखडेपर्यंत बार उडून गेलेला असतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मग कान वाचवायला घ्यायचं काय? बोळ्यांच्या पाकिटावरच्या ‘एनआरआर ३३’वर, म्हणजे आवाज ३३ डेसिबलने घटेल या दाव्यावर, भुलू नका. तो प्रयोगशाळेतला आकडा. अमेरिकेतला रूढ हिशेब त्यातून ७ वजा करून उरलेल्याचं निम्मं धरतो, म्हणजे जेमतेम १३.

फोमचा बोळा स्वस्त आणि उत्तम, पण बसवायची रीत हवी. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. निम्मा बाहेर लोंबत असेल तर घातला न घातला सारखाच. कानांवर चढवायच्या इअरमफला चष्म्याची जाड काडी नडते. गादीखाली फट राहते.

मोठ्या बंदुकीला बोळा आणि इअरमफ दोन्ही एकदम वापरावेत. बेरीज मात्र होत नाही, पाचेक डेसिबलच वाढतात. त्यापलीकडचा आवाज कवटीच्या हाडातून आत शिरतोच. प्रशिक्षकाच्या सूचना ऐकायच्या असतील तर इलेक्ट्रॉनिक इअरमफचे जादा पैसे मोजायला माझी हरकत नाही.