घोरण्याकडे दुर्लक्ष नको, अंगाने बारीक असलात तरी!

संगीतकार बप्पी लाहिरी यांचं फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून ‘स्लीप अ‍ॅप्निया’चं नाव घेतलं. अनेक घरांत हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला गेला. ऐकणाऱ्यांनी लगेच ठरवूनही टाकलं, हा जाडजूड, घोरणाऱ्या पुरुषांचा आजार. आपला काय संबंध?

इथेच फसगत होते. या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. निदान दहा सेकंद श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू दचकतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. तीव्र आजारात हे तासाला तीस किंवा त्याहून जास्त वेळा घडतं. सकाळी मात्र झोपणाऱ्याला यातलं काहीच आठवत नाही.

लठ्ठपणा हे मोठं कारण आहेच, पण एकटं नाही. ज्यांचा खालचा जबडा लहान किंवा मागे सरकलेला असतो, त्यांच्या जिभेला मुळातच जागा कमी पडते. अशी व्यक्ती सडपातळ असली तरी तिचा श्वास अडू शकतो. मानेचा घेरही बोलका असतो. पुरुषांत १७ इंच आणि स्त्रियांत १६ इंचांहून जास्त घेर धोक्याचा मानतात. ब्लाउजचं माप घेण्याची टेप घरात असतेच, मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

बायकांचं दुखणं वेगळं

पन्नाशीतली एखादी गृहिणी घ्या. रात्री वारंवार जाग येते, सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा, चिडचिड. घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेतेस.’ कुणीतरी झोपेची गोळी सुचवतं. खरं तर पाळी थांबल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घटतं. श्वासाला चालना देणारा हा आधार गेला की स्लीप अ‍ॅप्नियाचा धोका वाढतो. त्यात काही झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. म्हणजे उपायच अपाय ठरतो! थायरॉईड मंदावलेल्या आणि पीसीओएस असलेल्या स्त्रियांनाही हा धोका जास्त असतो.

नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार बायको करते. बायकोचं घोरणं ऐकायला नवरा जागा असतो कुठे? अमेरिकेत विस्कॉन्सिन इथे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३० ते ६० वयाच्या ९ टक्के स्त्रियांमध्ये झोपेतला श्वासाचा अडथळा आढळला होता. पुरुषांत हे प्रमाण २४ टक्के होतं.

मुलांच्या बाबतीत सहसा टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड वाढलेले असतात. असं मूल तोंड उघडं टाकून झोपतं, कधी मोठेपणीही अंथरूण ओलं करतं. दिवसा ते पेंगतंच असं नाही, उलट एका जागी बसत नाही आणि शाळेतून तक्रारी येतात.

रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागलं की लोक साखर नाहीतर प्रोस्टेट तपासून घेतात. तेही करावंच, पण अडलेल्या श्वासामुळे हृदयावर ताण येऊन लघवी वाढते, हे कमी जणांना ठाऊक असतं. तीन-तीन औषधं घेऊनही रक्तदाब उतरत नसेल तर हीच शंका घ्यायला हवी. संध्याकाळी पाय सुजणाऱ्यांच्या पायांतलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं आणि घशाची वाट अरुंद करतं.

निदानासाठी झोपेची तपासणी होते, बऱ्याच जणांची ती घरीही करता येते. मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडलं. आजही मुख्य उपचार तोच आहे.

घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल आणि ती व्यक्ती घोरत असेल, झोपेत गुदमरल्यासारखी करत असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधीच सांगा. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांनी अशा रुग्णांचा श्वास जास्त अडू शकतो. डॉक्टरांना कळलं तर शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री ते त्यांच्यावर वेगळी नजर ठेवतात.