चांदीपुऱ्याचा विषाणू, पुण्याची संस्था

नागपूरच्या बेसा-पिपळ्यात मोकळ्या प्लॉटांवर पावसाचं पाणी साचलं की डेंग्यूची चर्चा सुरू होते. पण ज्या विषाणूमुळे नागपूरचं नाव जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत गेलं, तो डेंग्यूचा नव्हे. १९६५ साली नागपुरात तापाची साथ होती. चिकुनगुन्या आणि डेंग्यूचा शोध चालू असताना चांदीपुरा इथल्या दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. नाव ठेवलं चांदीपुरा.

ही ओळख पटवली पुण्यातल्या व्हायरस रिसर्च सेंटरने. आयसीएमआर आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने १९५२ साली काढलेली ही संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली. बोलताना सगळे एनआयव्हीच म्हणतात. डास, गोचिडी यांच्यामार्फत पसरणारे विषाणू शोधणं हे तिचं मूळ काम. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, तेव्हा पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती होती. संस्थेच्या लोकांनी छडा लावला: गोचिडीतून येणारा वेगळाच आजार, क्यासनूर.

चांदीपुऱ्याचं मात्र पुढे बरीच वर्षं कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. माणसाला त्याचा मोठा त्रास होतो, असा ठोस पुरावा नव्हता. असल्या विषाणूवर पैसा का घालवायचा, असं हिशेब पाहणाऱ्याने विचारलं असतं, तर उत्तर देणं अवघडच होतं. उत्तर २००३ मध्ये मिळालं. आंध्र प्रदेशात मुलांना मेंदूज्वराने गाठलं. ३२९ मुलं आजारी, त्यांतली १८३ दगावली. सकाळी ताप, मग झटके, मग बेशुद्धी. कित्येकांना दवाखान्यात आणल्यावर दोन दिवसही मिळाले नाहीत.

हा आजार कशाचा, हे पुण्याच्या संस्थेने असं शोधलं. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. म्हणून बाटलीच्या तळाशी पेशींचा पातळ थर वाढवतात आणि त्यावर रुग्णाचा नमुना सोडतात. मग रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. विषाणू असेल तर चांगल्या चिकटून बसलेल्या पेशी गोल होतात, सुटून तरंगू लागतात. त्या साथीत पेशी अशाच सुटल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे कण दिसले. जुन्या ज्ञात विषाणूंशी ताडून पाहिलं, तर निघाला चांदीपुरा. तुलनेला जपलेलं काही नसतं, तर ही ओळख इतक्या लवकर पटली नसती. बेकार वाटणारं सांभाळून ठेवणं ही माझ्या मते या संस्थेची खरी कमाई.

नाव मात्र होतं ते २०१२ मध्ये उभारलेल्या बीएसएल-४, म्हणजे सर्वात कडक जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेचं. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे गळती झालीच तर हवा आत येते, बाहेर जात नाही. देशातला पहिला कोविड रुग्ण जानेवारी २०२० मध्ये एनआयव्हीनेच निश्चित केला आणि कोवॅक्सिनसाठीचा विषाणूही तिथूनच गेला. ते सगळ्यांना माहीत आहे.

चांदीपुऱ्यावर आजही ना लस आहे, ना खास औषध. तो पसरवणारी वाळूमाशी डासापेक्षा कितीतरी लहान; साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आरामात आत येते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणाचे ढीग ही तिची ठिकाणं. भेगा बुजवणं आणि फवारणी, एवढंच हाताशी आहे. २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा आला.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आजारांचा एकत्र अभ्यास करणारी ही संस्था गोठ्यातल्या माशीसाठी अगदी नेमकी. नमुना पुण्याला पाठवायचा, तर नागपूर-पुणे अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास. इथलं मूल अठ्ठेचाळीस तासांत जाऊ शकतं. नव्या इमारतीत आधी काय हवं, हे मला विचाराल तर चांदीपुऱ्याची तपासणी इथेच, त्याच दिवशी.