लिंकरचे डोळे उघडतात तेव्हा

सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या पेपरला लिंकरवर एखादी शॉर्ट नोट हमखास येते. 'ऑब्जेक्ट फाइल्स जोडतो तो लिंकर' असं लिहून आपण मोकळे होतो. पण मित्रांनो, ह्याच दुर्लक्षित टप्प्यावर लिनक्सच्या जगात मोठा बदल झाला आहे. त्याचं नाव लिंक टाइम ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एलटीओ.

नेहमीच्या पद्धतीत कंपायलर एका वेळी एकच सोर्स फाइल बघतो. आपल्या गॅदरिंगचंच उदाहरण घ्या. स्टेज कमिटी दोन शिड्या भाड्याने आणते, डेकोरेशन कमिटी आणखी दोन. सगळ्यांच्या याद्या एकत्र बघणारा कोणी असता, तर दोनच पुरल्या असत्या! लिंकरही तसा सगळ्यात शेवटी येतो, पण त्याच्या हातात बंद खोकी पडतात, याद्या नाहीत.

जीसीसीला एफएलटीओ हा फ्लॅग दिला की तो ऑब्जेक्ट फाइलमध्ये गिंपल नावाचं प्रोग्रॅमचं मधलं रूप ठेवतो. म्हणजे खोक्यासोबत यादीही! लिंकिंगच्या वेळी ही सगळी रूपं एकत्र वाचली जातात. मग एका फाइलमधलं छोटं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये इनलाइन होतं, कोणीच न वापरलेला कोड गळून पडतो. प्रोग्रॅम बहुधा लहान होतो आणि बऱ्याचदा थोडा वेगवानही.

जीसीसीमध्ये ही सोय २०१० साली, ४.५ व्हर्जनमध्ये आली. पण ओपनसुसे टम्बलवीडने ती सगळ्या पॅकेजेससाठी चालू केली २०१९ मध्ये, फेडोराने २०२० मध्ये (फेडोरा ३३) आणि उबुंटूने २०२१ मध्ये (२१.०४). एका फ्लॅगला एवढी वर्षं का लागावीत?

कारण डिस्ट्रिब्युशन म्हणजे हजारो पॅकेजेस, आणि त्यातला कितीतरी कोड आपल्या जन्माआधीचा. समजा, एका फाइलमध्ये व्हेरिएबल इंट आहे आणि दुसऱ्या फाइलने ते एक्स्टर्न लाँग म्हणून डिक्लेअर केलंय. ६४ बिट लिनक्सवर इंट चार बाइट्सचा, लाँग आठचा. शेजारचे चार बाइट्स नशिबाने शून्य असले की प्रोग्रॅम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. एलटीओने मेमरीतली मांडणी बदलली की नशीब संपतं. पण दोन्ही फाइल्स एकत्र दिसत असल्यामुळे कंपायलर आता वॉर्निंगही देतो, जी आधी कधी मिळतच नव्हती.

दुसरी भानगड कॉन्फिगर स्क्रिप्टची. ही स्क्रिप्ट छोटे टेस्ट प्रोग्रॅम कंपाइल करून सिस्टिममध्ये काय काय आहे ते तपासते. एलटीओ त्या टेस्टमधला कोडच निरुपयोगी समजून काढून टाकू शकतो. मग उत्तर चुकीचं येतं, पॅकेज मात्र व्यवस्थित बिल्ड होतं! मला हे सगळ्यात धोकादायक वाटतं. एरर आली तर निदान कळतं तरी. इथे एखादं फीचर गुपचूप बंद पडतं.

तिसरी अडचण असेंब्लीची. काही लायब्ररीज आपल्या सिम्बॉल्सची व्हर्जन्स असेंब्लीतल्या ओळींतून सांगायच्या. त्या ओळींचा अर्थ एलटीओला लागत नाही. म्हणून २०२० च्या जीसीसी १० मध्ये त्यासाठी सिमव्हर हे वेगळं ॲट्रिब्यूट आलं.

शिवाय मोठ्या प्रोग्रॅमचं लिंकिंग रॅम भरपूर खातं. म्हणून जीसीसी कामाचे तुकडे पाडून ते समांतर चालवतो.

डिस्ट्रिब्युशन्सनी ह्यावर व्यवहारी तोडगा काढला. एलटीओ सगळ्यांना लागू, पण जे पॅकेज रुसेल त्याला तेवढ्यापुरती सूट. फेडोरात स्पेक फाइलमध्ये एक ओळ टाकली की काम झालं. एका पॅकेजसाठी सगळ्यांना थांबवायचं नाही आणि बिघडलेलं पॅकेज युजरच्या गळ्यातही मारायचं नाही.

माझ्या मते वेग हा एलटीओचा दुय्यम फायदा. 'चालतंय ना, मग हात लावू नकोस' ह्या आपल्या लाडक्या तत्त्वामागे काय काय दडलेलं असतं, ते तो दाखवतो. तुमचा सी मधला मिनी प्रोजेक्ट एकदा एफएलटीओ लावून बिल्ड करा आणि वॉर्निंग्ज नीट वाचा. सबमिशनच्या आधी, बरं का!