साडी : शब्द आपला, पांढरा रंगही आपला

बुद्ध पौर्णिमा असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की मंगल परिणय, बिरसी-गोंदिया भागात पांढऱ्या साडीतल्या आयाबहिणी आपल्याला दिसतात. मग कुणीतरी टोमणा मारतो, "पांढरी साडी तर विधवेची!" अशा वेळी आपल्या मुली गप्प बसतात. त्यांनी गप्प बसू नये, म्हणून आधी 'साडी' या शब्दाकडे पाहू.

आपल्या आज्या 'लुगडं' म्हणत, त्यामुळे 'साडी' हा शहरी, नवा शब्द वाटतो. पण तो फार जुना आहे. पालीत साटक, साटिका, प्राकृतात साडी, संस्कृतात शाटी. वटचा वड आणि घटचा घडा झाला, तसाच इथेही 'ट'चा 'ड' झाला. साटक म्हणजे न शिवलेले लांब वस्त्र. ते फक्त बायकांचे नव्हते. धम्मपद अट्ठकथेतल्या एकसाटक ब्राह्मणाच्या घरी नवराबायकोत मिळून पांघरायला एकच वस्त्र होते. रात्रभर मनाशी झगडून त्याने तेच बुद्धांना दान दिले.

विनयपिटकात विशाखेची गोष्ट आहे. तिने बुद्धांकडे आठ वर मागितले. त्यांत भिक्खूंसाठी वस्सिकसाटिका, म्हणजे पावसात न्हाण्याचे वस्त्र, आणि भिक्खुणींसाठी उदकसाटिका होती. नदीवर उघड्याने न्हाणाऱ्या भिक्खुणींची टवाळी होई, ती तिला सहन झाली नाही. म्हणजे आपल्या परंपरेत हा शब्द स्त्रीच्या सन्मानाशी जोडलेला आहे.

आता रंग. चीवर भिक्खूंचे, तर गृहस्थ उपासक-उपासिकांना पाली ग्रंथ 'ओदातवसन' म्हणतात, म्हणजेच पांढरे वस्त्र नेसणारे. विधवेवर पांढरा रंग लादला तो रूढीने. उपासिका तो स्वतः निवडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत धम्मदीक्षेला उभे राहिले, ते शोक करायला नव्हे.

कपड्यावरून माणसाची पायरी ठरवली जाते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडायला सांगितले. त्या स्त्रियांनी ते लगेच अंमलातही आणले.

तेव्हा मैत्रिणींनो, रोज हव्या त्या रंगाची साडी नेसा, नको असेल तर नेसू नका. पण विहारात पांढरी नेसलात आणि कुणी टोमणा मारला, तर 'ओदातवसन' या शब्दाचा अर्थ त्याला शांतपणे समजावून सांगा.